केसपेपर आधी

संमतीपत्रावरच्या एका ओळीमुळे मी शहापूरला गेलो. शाळेच्या कबड्डी संघात पोराला पाठवताना बापाने सही करायची, आणि सहीच्या वर छापलेलं: ‘खेळताना इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ मग जबाबदार कोण? हे विचारायला गेलो.

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचं हे गाव. डिसेंबर संपत आला होता. बांध्या रिकाम्या पडलेल्या, कडेला धानाचे पुंजणे, हवेत तणसाचा वास. मैदानावर मात्र फक्कीचा. नुकतीच रेषा मारलेली ती पांढरी पूड नाकात शिरली, ती दोन दिवस गेली नाही.

परिसरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडम शिट्टी गळ्यात अडकवून मैदानाच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर फाईल. एकीकडे सामना, दुसरीकडे गेल्या आठवड्यात मनगट मोडलेल्या सहावीतल्या पोराचा सरकारी मदतीचा प्रस्ताव. पोरगा झोळीत हात अडकवून गुण मांडत होता आणि प्रत्येक पकडीला ओरडत होता.

“एक लाख भेटते म्हन्ते जी,” त्याचा बाप मला म्हणाला. चहाच्या टपरीवरही तेच ऐकलं होतं: शाळेचा विमा असतो, एक लाख मिळतो.

हा विमा नाही. ना हप्ता, ना पॉलिसी. २००३ साली ही योजना सुरू झाली तेव्हा ती विमा योजनाच होती. पुढे विमा कंपनी बाजूला झाली आणि शासनच पैसे देऊ लागलं. नाव झालं राजीव गांधी विद्यार्थी सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. पहिली ते बारावीची मुलं तिच्यात येतात. २१ जून २०२२ च्या निर्णयाने रकमा वाढल्या: अपघाती मृत्यूला दीड लाख, दोन अवयव कायमचे निकामी झाले तर एक लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर पंचाहत्तर हजार. खेळताना दुखापत झाली तर दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त एक लाख.

गावात पोचला तो एक लाख. ‘प्रत्यक्ष खर्च’ हे दोन शब्द वाटेतच राहिले.

प्रस्ताव शाळेतून पंचायत समितीत, तिथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो. या सगळ्या वाटेवर विचारला जाणारा प्रश्न एकच, पावती कुठे?

“पोराचं हाड मोडलं की आमच्याकडे आधी हाडवैद्य,” मॅडम म्हणाल्या. “तो बांबूच्या कामट्या बांधतो, तेल लावतो. नारळ घेतो, पावती कुठून देणार?” त्यांच्या जुन्या नोंदवहीत अशी दोन पोरं होती. हात जुळले, कागद जुळले नाहीत. दोघांनाही काही मिळालं नाही. हे सांगताना त्यांनी नोंदवहीचं पान उगाच पुन्हा सरळ केलं.

तेव्हापासून त्यांनी एक नियम केला आहे, आणि मला तो कुठल्याही शासन निर्णयाइतका मोलाचा वाटतो. पोरगा पडला की खेळ थांबतो. पंचांसमोर वेळेसह नोंद होते, दोन शिक्षकांच्या सह्या होतात आणि पोराला थेट सरकारी दवाखान्यात नेतात. “आधी केसपेपर,” त्या म्हणतात, “मग ज्याला ज्या वैद्याकडे जायचं त्यानं जावं.”

या पोराचा केसपेपर होता. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात एक्स-रे झाला, प्लास्टर झालं. कागद पूर्ण. आणि तिथेच गाठ बसली होती: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग प्रत्यक्ष खर्च किती? शून्य.

बापाची चार दिवसांची मजुरी बुडाली होती. दोनदा भंडाऱ्याला जाणं-येणं झालं होतं. औषधाच्या दुकानातली झोळी बिलाशिवाय घेतली होती. ज्यांच्या घरी चार दिवसांच्या मजुरीवर चूल पेटते, त्यांचं नुकसान हेच, आणि अर्जात त्याला रकाना नाही. शासनाने काही वेगळं करू नये. हा एक रकाना तेवढा वाढवावा.

मॅडमनी हे त्याला समजावून सांगितलं. त्याने मान हलवली. “म्हन्जे एक लाख नाई.”

“नाही भाऊ.”

तो थोडा वेळ सामना बघत राहिला. मग सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत एसटीची तिकिटं, घडी न मोडलेली. जाण्याची, येण्याची, एक पूर्ण, एक अर्धं, दोन्ही खेपांची.

“हे चालते का जी?”

मॅडमनी तिकिटं ओळीने कोऱ्या कागदावर चिकटवली, खाली तारीख घातली, सही केली आणि तो कागद केसपेपरच्या मागे टाचला.