घाटावरचा समुद्रदेव

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्राँझची एक मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. दाट दाढी, उघडं अंग, एक हात वर उचललेला. त्या मुठीत कधीकाळी त्रिशूळ असणार. आज मूठ रिकामी आहे. दाढी आणि त्रिशूळ म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाच्या मनात जो देव येतो, तो हा नव्हे. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ही मूर्ती रोमन साम्राज्यात ओतली गेली, आणि तिची उभं राहण्याची ढब त्याहून चार-पाचशे वर्षं जुन्या ग्रीक शिल्पाची आहे. कोल्हापुरापासून समुद्र सरळ रेषेत धरला तरी शंभरेक किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. ज्याचा सगळा कारभार पाण्यावर, तो देव घाटावर कशाला चढून आला, हा प्रश्न पडायला हवा. तो फारसा कुणाला पडत नाही. अंबाबाई, जोतिबा, रंकाळा, पन्हाळा अशी कोल्हापूर बघण्याची आपली ठरलेली वाट आहे, आणि त्या वाटेत हा देव बसत नाही.

याच देवाच्या मुलखात मराठी माणूस आता सहलीला जातो. तुर्कस्तानच्या ग्रुप टूर सुरू होऊन बरीच वर्षं झाली. इस्तंबूल, कपाडोकियाचे फुगे, पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्या आणि मग एजियन समुद्रावरचं कुशादासी. कुशादासी हे आंघोळीचं, हॉटेलांचं, बोटींचं गाव. पण तिथं उतरणाऱ्यांपैकी कितीतरी जण दुसऱ्या दिवशी सकाळी वीसेक किलोमीटरवरचं एफेसस बघायला निघतात. एफेसस हे प्राचीन बंदर. नदीच्या गाळानं ते हळूहळू बुजत गेलं आणि आज तिथून समुद्र काही किलोमीटर मागं सरला आहे. तिथल्या सेल्सस ग्रंथालयाचा दुमजली दर्शनी भाग म्हणजे फोटो काढायची हमखास जागा. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खननात तो सापडला तेव्हा उभा नव्हता. भूकंपानं कोसळून दगडांचा ढीग झाला होता. ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञ आणि वास्तुविशारदांनी 1970 ते 1978 या काळात एकेक दगड जुळवत तो पुन्हा उभा केला. आता त्याच परिसरातलं दुसरं उदाहरण घ्या. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेलं आर्टेमिसचं देऊळ तिथून हाकेच्या अंतरावर होतं. आज तिथं पाणथळ जमिनीत, तुकड्यांवर तुकडे चढवून उभा केलेला एकच खांब आहे. गाड्या थांबतात, माणसं उतरतात, आणि पाच-दहा मिनिटांत परत चढतात. महत्त्व मोजायचं तर देऊळ ग्रंथालयाच्या कितीतरी पुढं. गर्दी मात्र ग्रंथालयापुढं. यावरून मला एवढंच काढायचं आहे, की अवशेष जात्या बघण्याजोगे असतात म्हणून लोक तिथं जात नाहीत. ते कुणीतरी बघण्याजोगे केलेले असतात, म्हणून जातात. कोल्हापूरच्या बाबतीत हे करणं राहून गेलं आहे.

राहून गेलं, कारण सापडायचं ते केव्हाच सापडलेलं आहे. पंचगंगेच्या काठी, शहराच्या पश्चिम अंगाला ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे. 1877 साली तिथं एका स्तूपाचे अवशेष आणि धातुपेटी मिळाली. तिच्यावरच्या ब्राह्मी लेखात ब्रह्म नावाच्या कुणाचं दान आणि ते काम करवून घेणारा धम्मगुत्त, अशी दोन नावं आहेत. त्याच सुमाराला कोल्हापुरात शिशाची नाणी मिळाली. एका बाजूला ताणलेलं धनुष्य आणि बाण, आणि नावं विळिवायकुर, शिवलकुर अशी कानाला अनोळखी. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून जगाचा भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीनं दख्खनमधल्या हिप्पोकुरा या राजधानीचा आणि तिथल्या बालेओकुरोस या राजाचा उल्लेख केला आहे. बालेओकुरोस म्हणजेच विळिवायकुर, असं अनेक अभ्यासक मानतात. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर का, यावर वाद आहे, आणि तो वाद इथं मिटवायची गरज नाही. इथल्या राजाचं नाव, मोडकंतोडकं का होईना, भूमध्य समुद्राकाठच्या माणसाच्या कानावर गेलं होतं, एवढं आपल्या कामाला पुरे. पुढं 1944-45 मध्ये राजाराम कॉलेजचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांच्या कामातून ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा उजेडात आला. पोसायडन त्यातलाच. त्यात आरसा होता, पाश्चात्त्य घडणीचे पाण्या-मद्याचे चंबू होते, आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांचं देखणं देशी शिल्पही होतं. लगेच 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांच्या देखरेखीखाली शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. 1946 मध्ये याच वस्तूंसाठी म्युझियम निघालं, ते पुढं टाऊन हॉलच्या इमारतीत आलं, आणि 1952 मध्ये उत्खननाचा अहवाल छापून झाला. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीदे या प्राचीन शहराचं पद्धतशीर उत्खनन आरिफ मुफिद मान्सेल यांनी सुरू केलं ते 1947 मध्ये, म्हणजे आपल्यानंतर. सुरुवातीला आपण मागं नव्हतो.

पोसायडन आला कसा, याचं उत्तर समुद्राकडं बघितलं तरच लागतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या माहितीपुस्तकात कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांची ओळच्या ओळ आहे. सेमिल्ला, म्हणजे आपलं चौल, तिथून खाली मंदगोरा, पालेपटमे, मेलिझीगारा आणि ब्युझँटियन. हे शेवटचं नाव वाचून क्षणभर थबकायला होतं, कारण इस्तंबूलचंही जुनं नाव हेच. कोकणातल्या कुठल्या स्थानिक नावाचा ग्रीक जिभेनं असा घोळ केला, कोण जाणे. काही अभ्यासक ते विजयदुर्गाच्या बाजूला नेतात. हेच पुस्तक सांगतं, की पश्चिमेकडून भारतात तांबं, कथील आणि शिसं येत असे. घाटावरच्या राजानं शिशाची नाणी का पाडली, याचा धागा इथं हाती लागतो. ही वाट पुढं हजार वर्षं तरी चालू राहिली. विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळणाऱ्या वाघोटण नदीवर आत खारेपाटण आहे. तिथं सापडलेल्या 1008 सालच्या शिलाहार राजा रट्टराजाच्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या जहाजांकडून घ्यायच्या कराची तरतूद आहे. खारेपाटणहून भुईबावडा घाट चढला की गगनबावडा, आणि तिथून कोल्हापूर. कोल्हापूरच्या शिलाहारांनी पन्हाळा बळकट केला तो अशाच घाटवाटांवर नजर ठेवायला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत पन्हाळा आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. म्हणजे या वाटेची दोन टोकं आता जगाच्या नकाशावर आली. वाट कशासाठी होती हे सांगणारा पुरावा मात्र टाऊन हॉलच्या कपाटात आहे.

आता यावर पहिला आक्षेप येतो तो साधा आणि खरा आहे: ब्रह्मपुरीत जाऊन बघायचं काय? खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, स्वर्गमंडपाचे 48 खांब आहेत, वर गोल उघडं आकाश आहे. तिथं कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. ब्रह्मपुरीत संगमरवर नाही, विटा आहेत, आणि विटांचं ग्रंथालय पुन्हा जुळवता येत नाही. हे मान्यच करायला हवं. जुळवायचा अट्टहास केलाच तर नव्या विटांचं एक खोटं सातवाहन घर उभं राहील, आणि ते जुन्यापेक्षा वाईट. पण मातीच्या अवशेषांची स्वतःची एक बघण्याची रीत असते. खेड्यातल्या माणसाला ती माहीत असते. जुन्या वस्तीच्या जागेला तो ‘पांढर’ म्हणतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि चुना मिळून ती जमीन पांढुरकी झालेली असते. अशा टेकाडात सरळ चर खणला की त्याच्या कडेला काळाचे थर दिसतात. ब्रह्मपुरीच्या चरात वर बहामनी काळ होता, त्यात रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे. त्याखाली सातवाहनांच्या घरांच्या भाजलेल्या विटा, आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांब. हातात बांगडीचा तुकडा घेतलेल्या बाईला त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. चराची ती एक कड जशीच्या तशी, माणसाच्या उंचीची, म्युझियममध्ये उभी करता येते. प्रत्येक थरासमोर त्यातली खापरं, त्यातलं नाणं. जगातल्या अनेक संग्रहालयांत मातीचा असा थर काढून, डिंकासारख्या द्रव्यानं घट्ट करून भिंतीला लावतात. त्याला राजवाडा लागत नाही.

दुसरा आक्षेप वस्तीचा. टेकाडावर आज माणसं राहतात. पुरातत्त्वाचं नाव काढलं की त्यांना भीती वाटते ती घर जाण्याची, आणि ती भीती उगाच नाही. संरक्षित जागेच्या आसपास खिडकी बदलायची तरी परवानग्यांचे हेलपाटे पडतात, हे या देशात सगळ्यांना ठाऊक आहे. इथं सीदेचं उदाहरण दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला क्रीट बेटावरून आलेल्या निर्वासितांनी त्या प्राचीन शहराच्या अवशेषांतच आपलं गाव वसवलं. पुढं उत्खनन झालं, जुन्या रोमन स्नानगृहातच म्युझियम थाटलं, किनाऱ्यावरच्या अपोलोच्या देवळाचे काही खांब उभे केले, आणि गाव तिथंच राहिलं. आज ते गाव अवशेषांवर जगतं. पण ते कसं जगतं हेही बघायला हवं: दुकानांच्या रांगा, हॉटेलं, उपाहारगृहं, आणि त्यांच्या गर्दीत प्राचीन रस्ता शोधायचा. रिसॉर्ट अवशेषांना पोसतो आणि थोडं थोडं खातोही. तेव्हा ब्रह्मपुरीचं सीदे करा, असं म्हणणं शहाणपणाचं नाही. एकही घर न हलवता, नदीघाटाकडून टेकाडापर्यंतच्या वाटेवर काय कुठं सापडलं याच्या खुणा करणं आणि बाकीचं सगळं म्युझियममध्ये नीट सांगणं, एवढ्यानं भागतं. नवं बांधकाम निघेल तेव्हा पाया भरण्याआधी जाणत्या माणसाला चार दिवस बघू देणं, हे त्यात आलंच.

तिसरा आक्षेप जरा सूक्ष्म आहे, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. परदेशी मूर्ती सापडली म्हणून एवढं कौतुक का? रोमनं हात लावला की आपलं गाव मोठं, ही कसली वसाहतीतली सवय? यात तथ्य आहे; पोसायडनवर जितकं लिहिलं गेलं तितकं त्या हत्तीस्वारांवर लिहिलं गेलं नाही. पण साठाच बघितला तर उत्तर त्यातच आहे. शंभराच्या आसपास वस्तूंपैकी परदेशी ठरतात त्या जेमतेम दहाएक. बाकी सगळा माल इथला, इथल्या कारागिरांचा. म्हणजे हे परक्यांचं ठाणं नव्हतं. चांगलं ब्राँझ ओळखणारी, वापरणारी आणि विकत घेणारी माणसं इथं होती, आणि त्यांच्या घरात एक परदेशी मूर्ती येऊन पडली. ती पूजेला आली, नजराण्यात आली, की वितळवायच्या मोडीत आली, हे मूर्ती सांगत नाही. मोडीत आली असेल तरी हरकत नाही. तांबटाच्या ढिगात समुद्रदेव यावा इतकी ती वाट रुळलेली होती, असाच त्याचा अर्थ होतो. कौतुक करायचं तर त्या वाटेचं, आणि ती बांधणाऱ्या गिऱ्हाइकाचं.

सुट्टीत मालवण-विजयदुर्गाकडं निघालेली कोल्हापूरची गाडी बऱ्याचदा गगनबावड्यावरूनच उतरते. निघण्याआधी टाऊन हॉलच्या बागेत गाडी लावली, तर मूर्तीसमोर अर्धा तास मिळतो. तिच्या कपाटाशेजारी हवा असलेला नकाशा मोठा नाही: वर अलेक्झांड्रिया, डाव्या हाताला तांबडा समुद्र, मग कोकणातली ती चार-पाच बंदरं, वाघोटणची खाडी, खारेपाटण, भुईबावड्याचा घाट, आणि शेवटी पंचगंगेच्या काठावरचा एक ठिपका.