लाल काचेआड अडकलेलं बारसं

मैत्रिणींनो, माळ्यावर जुना लॅपटॉप पडला असेल, तर भंगारात देण्याआधी हे वाचा.

आमच्या बिबवेवाडीतल्या बचत गटातल्या एक काकू परवा काकांचा २००४ सालचा मोबाईल घेऊन आल्या. काका आता नाहीत, पण त्यांनी काढलेले नातीच्या बारशाचे फोटो त्यात अडकलेले. फोनला ब्लूटूथ नाही, मेमरी कार्ड नाही, केबल हरवलेली. होतं फक्त इन्फ्रारेड! "दुकानदार म्हणाला, आता काही होत नाही गं," काकूंचा आवाज भरून आला.

इन्फ्रारेड म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधला, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. फोन-लॅपटॉपने त्यावर बोलायचं कसं, याचे नियम १९९३ साली स्थापन झालेल्या 'इर्डा' संस्थेने ठरवले. पुढे ब्लूटूथ आलं आणि हे मागे पडलं.

मला लेकाचा जुना, विंडोज एक्सपीवाला लॅपटॉप आठवला. त्याच्या कडेला काळपट लाल काच होती. पण काही केल्या तो फोनला ओळखेना! शेवटी शेजारच्या इंजिनीअरिंगच्या मुलीला हाक मारली.

तिने आधी लॅपटॉप सुरू होतानाच 'बायोस' उघडलं. तिथे इन्फ्रारेड बंदच होतं, ते चालू केलं. मग 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्याचं नाव आलं, पण पुढे पिवळं उद्गारचिन्ह. म्हणजे ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि विंडोज यांच्यातला दुभाष्या. लॅपटॉप मध्यंतरी फॉरमॅट केला, तेव्हाच तो पुसला गेला होता.

लॅपटॉपखालचा मॉडेल नंबर पाहून तिने कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर उतरवला. तोही नव्या संगणकावर, आणि पेनड्राइव्हने आणला. "काकू, एक्सपीची सुरक्षा २०१४च्या एप्रिलमध्येच थांबली. त्याला इंटरनेट जोडू नका. आणि भलत्या साइटवरचा ड्रायव्हर तर नकोच, व्हायरस येतो," तिने बजावलं.

तरीही जमेना. मग लक्षात आलं, खिडकीतून थेट ऊन येत होतं! पडदा ओढला, फोन काचेसमोर वीतभर अंतरावर ठेवला आणि खाली कोपऱ्यात चिन्ह उमटलं.

एकेक करत अकरा फोटो आले. अगदी लहान, जरा धूसर. काकू मात्र पाळण्याच्या फोटोवरून हात फिरवत राहिल्या.

फोटो आम्ही लगेच दोन ठिकाणी उतरवून ठेवले. तुमच्याही कपाटात असा एखादा फोन असेल ना? चार्जर मिळतोय तोवरच बघा.