वाकोल्यातला अंडरकट

"स्टेक नहीं, अंडरकट बोलो," असं म्हणून बडेवाल्या खाटकाने सुरी पुसली आणि माझं सगळं मेनूकार्डाचं ज्ञान तिथेच संपलं. वाकोला मार्केटजवळचं दुकान, सकाळचे साडेनऊ. अंडरकट संपला होता. "नौ के पहले आओ, मॅडम. एक जानवर में दो ही निकलता है."

दोनच, हे खरं आहे. कण्याच्या खालून दोन्ही बाजूंना एकेक लांबट स्नायू जातो. जनावर चालताना, ओढताना, उठताना-बसताना तो फारसा कामाला लागत नाही, म्हणून मऊ राहतो. हॉटेलवाले त्याला टेंडरलॉइन म्हणतात, अजून महागडे हॉटेलवाले फिले. बाकीच्या मांसाचा कालवण, खिमा, कबाब असा संसार असतो. अंडरकटला मात्र नेहमीचं गिऱ्हाईक असतं आणि ते लवकर उठतं.

हे सगळं लेकीमुळे. तिने फोनवर कुणाला तरी वीस मिनिटांत स्टेक आणि क्रीमवाला पास्ता करताना पाहिलं आणि शुक्रवारी रात्री तेच हवं म्हणाली. वीस मिनिटं हा आकडा मला पटला. बीकेसीतल्या ऑफिसातून सुटून हंस भुग्रा मार्गाची वाहतूक तुडवत वाकोल्यात पोचेपर्यंत आठ वाजतात. त्यानंतर कुकर लावण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं. पुढे कळलं की त्या वीस मिनिटांच्या आधी दोन दिवस असतात, ते कुणी दाखवत नाही.

आधी जनावराचं स्पष्ट करते, कारण पंगतीत हा प्रश्न पहिला येतो. हे म्हशीचं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली, फक्त परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा नाही असं ठरवलं. म्हैस-रेडा त्या बंदीत नाहीत. तेव्हापासून मुंबईच्या मेनूकार्डांवर 'बीफ' खोडून 'बफ' आलं. बडेवाल्याच्या तोंडी मात्र आधीही 'बडे का' होतं आणि आताही तेच आहे.

मी कोल्हापूरची. ज्या गावात गंगावेशीत उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पितात आणि दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना रंगवून, सजवून त्यांची मिरवणूक काढतात, त्या गावची. आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "बरं. तिखट जरा बेताने घाल." नवरा मांसाहारी, पण बकऱ्याच्या पुढे जात नाही. सासूबाई येतात तेव्हा त्या स्वयंपाकाचा तवा माळ्यावर जातो. कुणी कुणाला काही विचारत नाही.

पहिला प्रयत्न फसला आणि चूक पूर्णपणे माझी होती. नऊच्या आत जाऊन अंडरकट आणला, त्याच रात्री केला. कोल्हापुरी घरात 'ताजं मटण' याला जवळपास धर्माचा दर्जा आहे. सकाळी कापलेलं दुपारी ताटात, शिळं म्हणणं म्हणजे शिवी. तर तसं ताजं मांस मी तव्यावर टाकलं, दर वीस सेकंदांनी उलटलं, वरून झाकण ठेवलं. तव्यात पाणी सुटलं, त्या पाण्यात ते उकडलं आणि राखाडी झालं. चावता चावत नव्हतं. लेक म्हणाली, "रबर." मी म्हटलं, "शाळेत खोडरबर विसरतेस ना, हे घेऊन जा."

खालच्या मजल्यावरच्या आंटींनी मला या प्रकरणातून बाहेर काढलं. त्या ईस्ट इंडियन. वाकोला, कलिना हे भाग आज विद्यापीठ, हायवे आणि उड्डाणपुलांच्या पत्त्यांवर ओळखले जात असले तरी मुळात ही गावठाणं, आणि आंटींचं घराणं इथलंच. मराठी बोलणारे हे कॅथलिक. गोवा-मंगळुरूकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांत आपल्याला मोजू नये, आपण इथलेच, हे सरकारला सांगण्यासाठी त्यांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमाराला, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, भाषा मराठी आणि बरणीत बॉटल मसाला. आंटींच्या घरी स्टेक हा रविवारचा जुना पदार्थ: पातळ काप, सुरीच्या पाठीने ठेचलेले, आलं-लसूण-मिरी-व्हिनेगर चोळलेले, पूर्ण शिजवलेले, वर तळलेला कांदा.

त्यांनी माझा उरलेला तुकडा बोटाने दाबून पाहिला.

"कधी आणलास?"

"सकाळी."

"आणि लगेच केलास? फ्रिजमध्ये ठेव दोन दिवस. आज कापलेलं आज मऊ कसं होईल?"

मला हे उलटं वाटलं होतं. पण कारण साधं आहे. जनावर कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात. नंतर थंडाव्यात ठेवलं तर स्नायूंमधलीच विकरं ते धागे हळूहळू सैल करतात. आपलं मटण ताजं चालतं, कारण आपण ते तास-दीड तास शिजवतो, कुकरच्या शिट्ट्या देतो. त्याचा ताठा चुलीवर उतरतो. स्टेकला तव्यावर जेमतेम सहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात मऊपणा येणं शक्य नाही. तो आधीच यावा लागतो. तेव्हापासून मी अंडरकट बुधवारी आणते. वरचा पांढरट, चिवट पापुद्रा सुरीचं टोक आत घालून सोलून काढते (हा पापुद्रा कितीही शिजवला तरी शिजत नाही, आक्रसतो आणि तुकडा वाकडा करतो), आणि उघड्या ताटलीत जाळीवर ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सारते. शुक्रवारपर्यंत वरचा भाग कोरडा, गडद लाल होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल खराब झालं. नाक लावून बघावं. वास आंबूस नसेल तर काही झालेलं नाही.

शुक्रवार. आठला दहा मिनिटं कमी. पर्स खाली ठेवायच्या आधी ताटली बाहेर. इंचभर जाडीचे दोन काप, धाग्याच्या आडवे. दोन्ही बाजूंना मीठ. दहा मिनिटांत वर पाण्याचे थेंब दिसतात, अर्ध्या तासाने ते पुन्हा आत मुरतात. तेवढ्यात आंघोळ होते.

पाणी उकळायला ठेवते: पाव किलो पेनेला दोन लिटर पाणी आणि दीड मोठा चमचा मीठ. पाकिटावर याहून जास्त पाणी सांगतात. मी मुद्दाम कमी घेते, म्हणजे पाण्यात पिठूळपणा जास्त उतरतो आणि पुढे त्याचं काम असतं. पास्त्याचा लेकीला वाटतो तेवढा परकेपणा मला वाटत नाही. बन्सी गव्हाचा रवा आणि हा डुरम गव्हाचा रवा एकाच जातीचा. आजी उन्हाळ्यात वाड्याच्या सोप्यावर बसून बोटवी, नखुली, मालत्या वळायची. नखुल्याला नखाने खळगा पाडायचा तो गुळाचं दूध धरून ठेवायला. पेनेला भोक आणि अंगावर रेघा असतात त्या सॉस धरायला. इटालियन बायकांनी वळवटाचं दुकान मांडलं, आपण ते रुखवतात ठेवलं, एवढाच फरक.

तवा आईने धिरड्यांसाठी दिलेला, बिडाचा, जड. मोठ्या आचेवर पाच मिनिटं रिकामा. पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होऊन जिरू नये, गोळी होऊन नाचत पळावा. धिरडं घालणाऱ्या कुणालाही ही खूण शिकवावी लागत नाही. काप फडक्याने खसाखसा कोरडे करायचे. इथे आळस केला की सगळं गेलं: ओल असेपर्यंत कापाचा पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही, आणि तो खरपूस तपकिरी थर, ज्याच्या रसायनाला 1912 साली त्यावर लिहिणाऱ्या माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याला साधारण 140 अंश लागतात. माझा पहिला तुकडा राखाडी का झाला ते एवढ्यातच आहे.

तेल तव्यावर नाही, कापाला चोळायचं. मग काप तव्यावर ठेवायचे आणि हात मागे घ्यायचा.

हे मला सगळ्यात कठीण गेलं. चाळीस वर्षं माझा हात परतत आलाय. कांदा परत, मसाला परत, तळाला लागतंय का बघ. उलथनं हातात असेल तर ते आपोआप फिरतं. आता मी चिमटा ओट्यावर ठेवते आणि हात पाठीमागे बांधते, शाळेतल्या प्रार्थनेसारखे. पहिल्या मिनिटात काप तव्याला घट्ट चिकटतो; ओढला तर फाटतो. अडीच मिनिटांनी स्वतःच सुटतो. तो सुटला की उलटायचा, त्याआधी नाही. धूर होतो, बराच होतो. आमच्या इमारतीत डक्ट आहे, एका घरातली फोडणी सात घरांत शिंकते. पहिल्या वेळी खालून वॉचमनने विचारलं होतं, "मॅडम, कुछ जल रहा है क्या?" आता खिडकी सताड उघडी, पंखा चालू आणि बाहेरून विमानांची घरघर आत.

उलटल्यावर दोन मिनिटं, मग लोण्याचा खडा, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, आणि वितळलेलं लोणी चमच्याने वर ओतत राहायचं. म्हशीच्या मांसात आत चरबी फार कमी. विलायती चित्रांत दिसते तशी संगमरवरी नक्षी इथे नसते. त्यामुळे चुकीला माफी कमी. एक मिनिट जास्त झालं की कोरडं. मी अंदाजावर न राहता आत खुपसायचा थर्मामीटर घेतलाय. 57 अंशांना खाली उतरवते. ताटलीत पडल्या पडल्या तो आणखी दोन-तीन अंश चढतो. पोटात गुलाबी, पण रक्ताळ नाही. हॉटेलात यापेक्षा कच्चंही देतात. उघड्यावर टांगलेल्या मांसाच्या बाबतीत मी त्या वाटेला जात नाही.

पाच मिनिटं ताटलीत तसाच. लगेच कापला तर रस ताटलीत, थांबलं तर बराचसा आत.

त्या पाच मिनिटांत पास्ता, आणि इथे हाताला उलट सवय लागते, थांबायचं नाही. तव्यावर पळीभर पेनेचं पाणी ओतून चिकटलेलं खरपूस सगळं खरवडून कढईत घेते. त्यात लोणी, लसूण, भरड मिरी, मग क्रीम. आपल्याकडच्या खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के स्निग्धांश असतो, परदेशी पाककृतींतल्या क्रीमपेक्षा बराच कमी. म्हणून ते जास्त तापलं किंवा त्यात आंबट पडलं की फाटतं. मी पहिल्यांदा मोठ्या आचेवर लिंबू पिळलं होतं. कढईत पनीर झालं. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध घातल्यावर आई मागून ओरडायची, "उकळी येऊ देऊ नको, फाटेल!" तीच शिस्त इथे. आच मंद, आणि पेनं पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी, जरा कडक असतानाच, झाऱ्याने थेट कढईत. चाळणीत ओतून वर गार पाणी सोडायचं नाही, तो पिठूळपणाच सॉसला बांधतो. दोन पळ्या पाणी, ढवळ, पुन्हा ढवळ. शेवटी साधा प्रोसेस्ड चीजचा क्यूब. नाक मुरडणारे मुरडोत. त्यात पायसीकरणाचे क्षार असतात, त्यामुळे फाटायला आलेला सॉसही तो सावरतो. आणि शुद्धतेचाच वाद घालायचा तर रोमच्या ज्या आल्फ्रेदोच्या नावाने आपण क्रीमवाला पास्ता खातो, त्याच्या मूळ पदार्थात क्रीम नव्हतंच. लोणी, चीज आणि पास्त्याचं पाणी, बस.

नऊला पाच मिनिटं कमी असताना ताटं भरली. कापांच्या बोटभर जाड पट्ट्या केल्या. लेकीने फोटो काढला, मग खाल्लं, मग माझ्या ताटाकडे बघितलं. नवऱ्याने फक्त पास्ता घेतला. तव्याचं खरवडलेलं त्यातच गेलंय हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी ते सांगितलं. तो क्षणभर थांबला, म्हणाला, "मग सांगायचं कशाला?" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

चार तुकडे आंटींना खाली नेऊन दिले. दहा मिनिटांनी ताटली धुऊन परत आली, रिकामी परत द्यायची नाही म्हणून त्यात दोन फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव.

"पास्ता चांगला. मांस मऊ आलंय, पण मधे कच्चं होतं," आंटी म्हणाल्या. "मी तव्यावर टाकून पूर्ण केलं आणि खाल्लं."

तुम्हाला करून बघायचं असेल तर बुधवारी जा, नऊच्या आत. रविवारी चर्चची सकाळची मिस्सा सुटली की दुकानात अंडरकट शिल्लक राहत नाही.