मुलीची पहिली तपासणी



आजचा विषय ऐकून घरांतील पुरुषमंडळींनीं उठून जाण्याचें कारण नाहीं. उलट मुलीच्या वडिलांनीं बसून ऐकावें, अशी माझी विनंती आहे. वयांत आलेल्या मुलीला पहिल्यानेंच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याचा प्रसंग येतो, तेव्हां तिच्या मनांत जी धास्ती उत्पन्न होते, तिच्याविषयीं मी बोलणार आहे.

ही धास्ती नवी नव्हे, आणि हास्यास्पद तर मुळींच नव्हे. १८८३ सालीं वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघण्यापूर्वीं आनंदीबाई जोशी यांनीं बंगालमधील सेरामपूर येथें जाहीर भाषण केलें, आणि आपल्या देशांत स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, हें त्यांत सांगितलें. पुढें १८८६ सालीं मुंबईस कामा हॉस्पिटल उघडलें, तें स्त्रियांसाठीं आणि स्त्री-डॉक्टरांच्या हातीं सोंपविलेलें. संकोचापायीं बायका दुखणीं अंगावर काढतात, हें त्या पिढीनें ओळखलें होतें. आज आपल्या शहरांत स्त्री-डॉक्टरांची वाण नाहीं, तरीहि दुखणें अंगावर काढण्याची रीत गेलेली नाहीं. अर्थात् पुरुष डॉक्टर हें संकोचाचें एकमेव कारण कधींच नव्हतें. खोलीचें दार लागल्यावर काय होणार, हें मुलीला कोणी सांगितलेलें नसतें. आणि आपल्याविषयीं कोण काय तर्क करील, याची तिला भीति वाटते.

पहिल्या गोष्टीचा उलगडा सोपा आहे. पहिल्या भेटीचा बहुतेक वेळ बोलण्यांतच जातो. शेवटची पाळी कोणत्या तारखेस आली, किती दिवस टिकली, दिवसाला किती पॅड लागतात, पोट कितपत दुखतें, असे प्रश्न येतात. (ऐन वेळीं तारीख आठवत नाहीं व मुलगी गोंधळून जाते, तेव्हां मागील तीन-चार महिन्यांच्या तारखा कागदावर टिपून न्याव्या.) मग वजन, रक्तदाब, आणि पोटावर हात ठेवून तपासणें. सोनोग्राफी लागलीच तर तीहि पोटावरूनच होते. तिला मूत्राशय भरलेला लागतो म्हणून पुष्कळ पाणी प्यावयास सांगतात, आणि त्या तपासणींतला खरा त्रास बहुधा तेवढाच! शरीरसंबंध कधीं न आलेल्या मुलीची आंतून तपासणी सहसा करीत नाहींत. पाळी अनियमित असणें, ती दुखणें, चेहऱ्यावर केंस वा मुरुमें येणें, अशा तक्रारींत तिची गरज क्वचितच पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चांचणीहि आपल्या सरकारी कार्यक्रमांत तिसाव्या वर्षापासून पुढें सांगितलेली आहे.

आंतून तपासण्याची वेळ आलीच, तर तिचा क्रम असा. कमरेखालचे कपडे काढून, वर चादर घेऊन, गुडघे वाकवून उताणें निजावयाचें. स्पेक्युलम नांवाचें, बदकाच्या चोंचीसारखें दोन पात्यांचें एक साधन असतें. तें लहानमोठ्या आकारांत मिळतें. तें हळूच आंत सरकवून पातीं उघडलीं म्हणजे गर्भाशयाचें तोंड दिसतें. नंतर हातमोजा घालून एक-दोन बोटांनीं आंतून व दुसऱ्या हातानें पोटावरून गर्भाशय व अंडाशय चांचपतात. सारें मिळून थोड्या मिनिटांचें काम. दाब जाणवतो, तीव्र वेदना होऊं नये, आणि झाल्यास ती तत्क्षणीं सांगावी.

येथें शरीराचा एक स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. भय वाटलें कीं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात. आवळलेल्या स्नायूंतून साधन सरकतांना दुखतें. आणि दुखलें कीं भय वाढतें. म्हणून 'अंग सैल सोड' एवढें म्हणून भागत नाहीं. लांब श्वास सोडावा, मांड्या बाजूंस पडूं द्याव्या, आणि 'मीं थांबा म्हटल्यावर आपण थांबाल ना?' असें आधींच विचारून घ्यावें. थांबविणें आपल्या हातीं आहे हें ठाऊक असलें, म्हणजे अंग बरेंचसें आपोआप सैल होतें. केंस काढणें, साबणानें आंतून धुणें, असली पूर्वतयारी मात्र करूं नये. तिचा उपयोग नाहीं, झाला तर अपायच.

दुसरें भय अधिक खोल आहे. आपल्याकडे डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: 'लग्न झालें आहे का?' त्यांना जाणून घ्यावयाचें असतें तें शरीरसंबंध आला आहे काय, हें. पण प्रश्न सभ्यतेच्या पांघरुणांत गुंडाळून येतो, आणि मुलगी त्याचें अक्षरशः खरें उत्तर देते: 'नाहीं.' शेजारीं आई बसलेली असते. मग चुकलेल्या पाळीचें कारण शोधतांना गर्भधारणेची चांचणी राहून जाते, संसर्गाची शंका कोणाला येत नाहीं, आणि औषध भलत्याच गोष्टीवर दिलें जातें. हा आडपडदा डॉक्टरांनींच दूर करावा, असें माझें स्पष्ट मत आहे. प्रश्न सरळ शब्दांत, व मुलगी एकटी असतांना विचारावा. आणि आईनें, कोणीं सुचविण्यापूर्वींच, पांच मिनिटें बाहेर जाऊन बसावें. सज्ञान मुलीनें सांगितलेली गोष्ट गुप्त राहावी, हा तिचा हक्क आहे. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतींत मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वयें शरीरसंबंधाची माहिती डॉक्टरांना पोलिसांस कळवावी लागते. हें तिला ठाऊक असावें, पण त्यासाठीं तिनें उपचार टाळूं नयेत.

'तपासल्यावर सारें कळेल' अशीहि एक भीति असते. तिला आधार नाहीं. योनिपटल निरनिराळ्या मुलींत निरनिराळ्या आकाराचें असतें. त्याकडे पाहून पूर्वींचा संबंध कोणालाहि सांगतां येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं कौमार्यचांचणी बंद करावी असें म्हटलें. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानें २०१९ सालीं कौमार्याचीं लक्षणें हा भाग अभ्यासक्रमांतून वगळला. आणि २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बलात्काराच्या प्रकरणांतील 'दोन बोटांच्या चांचणी'स शास्त्रीय आधार नाहीं, असें पुन्हां बजावलें. (रोगनिदानासाठीं होणारी जी तपासणी मीं वर सांगितली, ती अगदींच निराळी.) डॉक्टर पुरुष असल्यास तपासतेवेळीं दुसरी स्त्री हजर असावी, हेंहि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २०१८ सालीं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेंत आहे. तसें मागण्यांत उद्धटपणा नाहीं.

'पाळी दुखायचीच, लग्न झाल्यावर थांबेल' हें वाक्य आपल्या घरांतून अजून ऐकूं येतें. एंडोमेट्रिऑसिससारखा आजार कित्येकींच्या बाबतींत वर्षानुवर्षें ओळखला जात नाहीं, याला हें वाक्य बरेंच कारण आहे. दर महिन्यास कॉलेज बुडविणारी वेदना, तासा-दोन तासांनीं पॅड भिजविणारा रक्तस्राव, पंधरा वर्षें पुरीं होऊनहि न आलेली पाळी, किंवा सुरू असलेली पाळी तीन महिने बंद पडणें, यांसाठीं तज्ज्ञाकडे जावें. रक्तस्राव सोडल्यास त्यांत सहसा घाई नसते. मुलीला आवडेल ती डॉक्टर निवडावी, बरोबर कोण यावें हेंहि तिलाच ठरवूं द्यावें. पण एका बाजूस अचानक असह्य कळ येऊन ओकाऱ्या होऊं लागल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असूं शकतो. तेव्हां डॉक्टर स्त्री आहे कीं पुरुष, पाळी चालू आहे कीं नाहीं, हें कांहीं न पाहतां रात्रींच्या रात्रीं रुग्णालय गांठावें.