पेशीतले हमाल का थांबतात?

मुलांनो, आटपाडीच्या बाजारात डाळिंबाचे क्रेट ट्रकमध्ये चढवणारे हमाल पाहिलेत ना? तसेच हमाल तुमच्या शरीरातल्या पेशींतही आहेत, बरं का! त्यांना ‘मोटर प्रथिने’ म्हणतात.

त्यांतला एक किनेसिन. पेशीत सूक्ष्मनलिकांचे रस्ते असतात. मालाची पिशवी धरून हा दोन पायांचा गडी त्यांवरून चालतो. पाऊल केवढं? ८ नॅनोमीटर! एक मिलिमीटर जायला सव्वा लाख पावलं!

दर पावलाला त्याला एटीपीचा एक रेणू लागतो. हीच त्याची भाकरी. ती कधी चटकन मिळते, कधी वाट पाहावी लागते. म्हणून तो चालतो, थांबतो, पुन्हा चालतो.

हे घरीच करून बघा. कागदावर ओळीत दहा घरं आखा. पहिल्या घरात चिंचोका ठेवा. फासा टाका. सहा पडला तरच एक घर पुढे. कधी लागोपाठ दोन पावलं पडतील, कधी दहा डाव चिंचोका हलणारच नाही. ‘थांब’ असं कुणी सांगितलं नाही, तरी थांबे आलेच! हेच झालं ‘प्रारूप’. शास्त्रज्ञ संगणकावर असे हजारो फासे टाकतात आणि प्रयोगात दिसलेल्या थांब्यांशी ते ताडून पाहतात. जुळलं नाही, तर आपल्या कल्पनेत काहीतरी राहिलंय हे कळतं.

दुसरा हमाल डायनिन. तो एकटा दुबळा, पण टोळीनं भारी! हे कसं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसर किरणांच्या चिमट्यानं माल अडवून पाहिला. २०१३ साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. ओझं वाढलं की डायनिन छोटी पावलं टाकतो. पुढच्यांवर जास्त भार, म्हणून ते हळू होतात. तेवढ्यात मागचे येऊन गाठतात आणि सगळे मिळून ओढतात. २०१८ साली मल्लिक यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

एवढा खटाटोप कशासाठी? कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत तुमच्या चेतापेशींचे लांबच लांब धागे जातात. तेवढ्या वाटेवर माल पोचवायला या हमालांना काही दिवस लागतात. किनेसिनमध्ये जन्मजात बिघाड असला, तर काहींचे पाय ताठरतात, चालणं अवघड होतं. साधा थांबा कोणता आणि बिघाड कोणता, हे ओळखता आलं तरच उपाय शोधता येईल.

तर मग, काढा फासा! तुमचा चिंचोका किती डावांत पोचला?