पिवळी पट्टी आणि ‘एनेबल कंटेंट’

जानेवारी उजाडला की महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक्सेलच्या फायली फिरू लागतात. कुठली आयकराचा हिशेब करून देणारी, कुठली फॉर्म १६ भरणारी. एप्रिल आला की निकालपत्रकं आणि आकारिक नोंदींची पाळी. या फायली बनवणारे बहुतेक शिक्षकच असतात. रात्री जागून, पदरचा वेळ घालून ते त्या तयार करतात आणि फुकट वाटतात. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण फायलीच्या खाली एक सूचना हमखास असते: ‘फाइल उघडल्यावर वर पिवळी पट्टी दिसेल, त्यातलं एनेबल कंटेंट दाबा, नाहीतर सॉफ्टवेअर चालणार नाही.’ ती वाचली की माझ्या पोटात गोळा येतो. कारण डॉक्युमेंटमधून येणारे बहुतेक व्हायरस माणसाकडून नेमकं हेच बटण दाबून घेतात.

मी कात्रजला राहतो. सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर रुसला की मला हाक येते आणि मी आनंदाने जातो. हा माझा जुना नाद आहे. भारती विद्यापीठाच्या मागच्या गेटाकडे झेरॉक्स आणि डीटीपीची दुकानं ओळीने आहेत. प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. एकच कॉम्प्युटर, त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत पोरांचे पेनड्राइव्ह एकामागून एक घुसत असतात. अशा ठिकाणाहून परतलेला शेजारच्या मुलाचा पेनड्राइव्ह मी एकदा लावून पाहिला. त्यावर ‘प्रोजेक्ट फायनल’ नावाच्या दोन फायली दिसल्या, दोन्हींवर वर्डचं निळं चिन्ह. एकीच्या ‘टाइप’ रकान्यात ‘वर्ड डॉक्युमेंट’ होतं, दुसरीच्या रकान्यात ‘अ‍ॅप्लिकेशन’. म्हणजे दुसरी फाइल डॉक्युमेंट नव्हतीच. तो सरळसरळ प्रोग्रॅम होता, अंगावर वर्डचं चिन्ह चढवलेला. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की मी पहिलं काम हे करतो: फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलचं आडनाव, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसेल अशी व्यवस्था करतो. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं. इतकी उपयोगी माहिती लपवणं हा मला पहिल्यापासून चुकीचा निर्णय वाटत आला आहे.

पण खरी गोष्ट सुरू होते १९९५ मध्ये, आणि या गोष्टीने मला वर्षानुवर्षं भुरळ घातली आहे. तोवर जाणकारही छातीठोकपणे सांगत की व्हायरस प्रोग्रॅममधून येतो किंवा फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून. पत्राला, अहवालाला, यादीला तो लागूच शकत नाही. डॉक्युमेंट म्हणजे नुसती अक्षरं, अक्षरांना कसला आलाय रोग? मात्र वर्डमध्ये एव्हाना ‘वर्डबेसिक’ नावाची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा आलेली होती. तीच तीच कामं आपोआप व्हावीत म्हणून तिच्यात ज्या सूचना लिहीत त्यांना मॅक्रो म्हणत. हे मॅक्रो फायलीच्या पोटात साठवता येत आणि त्यांतल्या ‘ऑटोओपन’ नावाच्या मॅक्रोला फाइल उघडताक्षणी आपणहून चालण्याची मुभा होती. त्या काळी विचारणा नाही, पट्टी नाही, काहीच नाही.

‘कन्सेप्ट’ या व्हायरसने एवढ्याच फटीतून प्रवेश केला. लागण झालेली फाइल उघडली की पडद्यावर एक छोटी चौकट येई. तिच्यात फक्त ‘१’ हा आकडा आणि खाली ओके. तेवढ्या वेळात त्याचे मॅक्रो वर्डच्या ‘नॉर्मल डॉट’ या मूळ साच्यात जाऊन बसलेले असत. त्यानंतर ‘सेव्ह अ‍ॅज’ करून साठवाल ते प्रत्येक पत्र बाधित. ओळखायची खूण अशी की फाइल साठवताना वर्ड ती टेम्प्लेट म्हणूनच साठवू देई. गंमत म्हणजे त्याने कुणाचं काही पुसलं नाही, काही चोरलं नाही. ‘पेलोड’ नावाच्या मॅक्रोमध्ये, जिथे विध्वंसाचा भाग असायचा, तिथे लिहिणाऱ्याने फक्त एक टीप ठेवली होती, आपलं म्हणणं सिद्ध करायला एवढं पुरे आहे अशा अर्थाची. विंडोज असो वा मॅकिंटॉश, वर्ड असलं की झालं. तो दोन्हींवर पसरला. मायक्रोसॉफ्टने स्वतः कंपन्यांना पाठवलेल्या एका सीडीवरही तो निघाला. त्याच्या वेगाचं कारण साधं आहे. माणसं एकमेकांना प्रोग्रॅम क्वचित देतात, कागद रोज देतात.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ‘लारू’ने एक्सेलमध्ये तेच केलं. मग २६ मार्च १९९९ ला ‘मेलिसा’ आला. ओळखीच्या माणसाकडून महत्त्वाचा निरोप म्हणून वर्डची फाइल येई. उघडून मॅक्रो चालू झाला की तो आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःच पत्र पाठवी, तुमच्या नावाने. मोठमोठ्या कंपन्यांना मेल सर्व्हर बंद ठेवावे लागले. लिहिणारा न्यू जर्सीचा डेव्हिड स्मिथ आठवड्याभरात पकडला गेला आणि २००२ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. एव्हाना ऑफिस ९७ मध्ये मॅक्रोची सूचना देणारी चौकट आलेली होती. म्हणजे मेलिसा पसरला तो कितीतरी ठिकाणी विचारणा होऊनही, ‘चालू करा’ म्हटल्यामुळे पसरला. विचारणा ही काही भिंत नव्हे, ही गोष्ट तेव्हाच कळायला हवी होती.

या सगळ्यात पुणं कुठे होतं? पुणं यात चांगलंच होतं, आणि पुणेकरांनी ते आवर्जून सांगावं. सातारा जिल्ह्यातल्या घरातून आलेले कैलास काटकर दहावीनंतर रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, हळूहळू कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली. दुरुस्तीला येणारी यंत्रं व्हायरसनेच बिघडलेली दिसत. मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहायला घेतला आणि १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आलं. कन्सेप्टचंही हेच वर्ष! पुढे २००७ मध्ये कंपनीने तेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. मला यातली महत्त्वाची वाटते ती दुरुस्तीच्या टेबलावरची सुरुवात. गिऱ्हाइकाचं यंत्र समोर उघडं पडलेलं असताना रोग समजतो, तसा तो एरवी समजत नाही. याच कंपनीच्या ‘सेक्राइट’ विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘ऑपरेशन साइडकॉपी’ उघड केलं. भारतीय संरक्षण दलांतल्या लोकांना लक्ष्य करणारी ती हेरगिरी होती आणि तिथेही आमिष म्हणून डॉक्युमेंटच वापरलेली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये करोनाच्या आरोग्य सूचना म्हणून एक एक्सेल फाइल फिरली. मॅक्रो चालू केला की ‘क्रिमझन रॅट’ हा हेर कॉम्प्युटरमध्ये शिरे.

कात्रजच्या सर्पोद्यानात, जे नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये उभं केलं, लोकांना विषारी आणि बिनविषारी साप खुणांवरून ओळखायला शिकवतात. दिसला की ठेचा असं शिकवत नाहीत. फायलींच्या बाबतीत मी तीच रीत धरली आहे. ऑफिस २००७ पासून मायक्रोसॉफ्टने फार चांगलं काम केलं: मॅक्रो असलेल्या आणि नसलेल्या फायलींची आडनावं वेगळी केली. ‘डीओसीएक्स’ आणि ‘एक्सएलएसएक्स’ यांच्या पोटात मॅक्रो राहू शकत नाही. शेवटचं अक्षर ‘एम’ असेल, म्हणजे ‘डीओसीएम’ किंवा ‘एक्सएलएसएम’, तर मॅक्रोची सोय आहे असं समजावं. जुन्या ‘डीओसी’ आणि ‘एक्सएलएस’मध्ये दोन्ही शक्यता असतात, म्हणून अनोळखी माणसाकडून आज जुन्या प्रकारची फाइल आली तर मी अधिकच सावध होतो.

पिवळ्या पट्ट्याही दोन आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ची, तिच्यावर ‘एनेबल एडिटिंग’ असतं. दुसरी मॅक्रोची, ‘एनेबल कंटेंट’वाली. नुसतं वाचायचं असेल तर पहिलं बटणसुद्धा दाबू नये. वर्डमध्ये २००० साली तयार झालेला ‘इक्वेशन एडिटर’ हा गणिती सूत्रं लिहिण्याचा भाग तसाच पडून होता. त्यातलं एक भगदाड नोव्हेंबर २०१७ मध्ये बुजवलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटरच काढून टाकला. त्या भगदाडातून शिरायला मॅक्रो लागतच नव्हता. फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमधून बाहेर आली की पुरे. जुनं किंवा चोरीचं ऑफिस वापरणाऱ्यांच्या घरी ते भगदाड आजही उघडं असू शकतं.

भामटे बटण कसं दाबून घेतात तेही एकदा नीट पाहून ठेवा. फाइल उघडली की मजकुराच्या जागी धूसर चित्र दिसतं आणि त्यावर ऑफिसचं बोधचिन्ह. खाली लिहिलेलं असतं की ही फाइल जुन्या आवृत्तीत बनवलेली आहे, वाचण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा. हे सांगणारं वर्ड नसतं, ते फायलीतलं चित्र असतं. ‘इमोटेट’ या व्हायरसने याच चित्राच्या बळावर जगभर वर्षानुवर्षं लूट केली. लक्षात ठेवण्याजोगी खूण एकच: वर्डचं म्हणणं वरच्या पट्टीत येतं, पानावर येत नाही.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने अखेर इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. आता तिथे लाल पट्टी येते आणि तिच्यावर चालू करण्याचं बटणच नाही. मला हा गेल्या तीस वर्षांतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. फाइल इंटरनेटवरून आली हे विंडोज तिला चिकटवलेल्या एका अदृश्य चिठ्ठीवरून ओळखतं. आता पुन्हा त्या मागच्या गेटाकडच्या दुकानात चला. ही चिठ्ठी टिकते ती एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या डिस्कवर. आपले पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट असतात. दुकानात मेलवरून उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर घेतली की चिठ्ठी गळून पडते. घरी लाल पट्टी येत नाही, जुनीच पिवळी येते. म्हणून माझं सांगणं असतं की प्रिंटसाठी पीडीएफ न्या, पेनड्राइव्हवरून परत काही आणू नका, आणि ही चिठ्ठी काढून टाकणाऱ्या, फायलीच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘अनब्लॉक’ला हात लावू नका.

बाकीची पथ्यं सर्वांना ठाऊक आहेत, तरी लिहितो. रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिन खातं वापरू नये. अपडेट थांबवू नयेत. विंडोज १० ची नेहमीची फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अँटिव्हायरस एकच असावा. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर घरासाठी चांगलं आहे. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत अशा हार्डडिस्कवर असावी जी एरवी कॉम्प्युटरला जोडलेली नसते. संशयास्पद फाइल गूगल ड्राइव्हमध्ये उघडून पाहावी, तिथे ऑफिसचे मॅक्रो चालत नाहीत. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करावा.

पुन्हा आयकराच्या फायलीकडे येतो. आमच्या इमारतीत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई राहतात. त्यांना मी विचारलं, “मॅडम, ही फाइल कुणी बनवली?” त्या म्हणाल्या, “अहो, आपल्याच केंद्रातल्या सरांनी ग्रुपवर टाकलीय, बाहेरची नाही.” सरांनी ती बनवलीही असेल, पण मधल्या दहा ग्रुपांत कुणाच्या कॉम्प्युटरवर ती उघडली आणि पुन्हा साठवली गेली, हे कोण सांगणार? फायलीत पॅन, आधार, बँक खातं, पगार, सगळं भरायचं असतं. ती ‘व्हायरसटोटल’ या फायली तपासणाऱ्या संकेतस्थळावर तपासायची तर कोरीच तपासावी, कारण तिथे चढवलेली फाइल इतर अभ्यासकांनाही मिळू शकते. आम्ही आल्ट आणि एफ-११ दाबून आतला मॅक्रो उघडला. त्यात वाईट काही निघालं नाही. शीट लपवण्याच्या चार ओळी होत्या, आणि उरलेला सगळा मॅक्रो रक्कम अक्षरी लिहिण्यासाठी होता.

हे पाहून मला राहवलं नाही. रुपये अक्षरी लिहायला एक्सेलमध्ये तयार सूत्र नाही, म्हणून लोक मॅक्रोकडे वळतात. पण मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक आकड्याचं नाव स्वतंत्र आहे. त्रेचाळीस हा शब्द चाळीस आणि तीन जोडून आपोआप तयार करता येत नाही. तेव्हा नव्याण्णव शब्दांची यादी हवीच, मग मॅक्रोत लिहा नाहीतर शीटवर. ती शीटवर एका रकान्यात ठेवली आणि लाख, हजार, शंभर व उरलेले यांसाठी व्हीलुकअप चार वेळा लावला की ‘सात लाख त्रेचाळीस हजार दोनशे अठरा’ बिनचूक येतं. आयकराचे टप्पे तर साध्या ‘इफ’ने होतात. बाईंसाठी तशी फाइल करून दिली. ती एक्सएलएसएक्स आहे, पिवळी पट्टी न दाखवता उघडते आणि मोबाइलवरही चालते.

म्हणून ही फुकट आणि उपयोगी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या सर्व शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे. यंदा जानेवारीत फाइल सोडाल ती मॅक्रोशिवाय, एक्सएलएसएक्समध्ये सोडा, आणि ‘एनेबल कंटेंट दाबा’ ही ओळ सूचनांतून काढून टाका.