मेहकरची ग्रामसभा आणि गोव्याचा कौल

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातलं मेहकर. इथले मतदार ग्रामपंचायतीचे सदस्य निवडतात आणि ते सदस्य आपसांत अध्यक्ष ठरवतात. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या लातूर जिल्ह्यात सरपंचाला गावकरीच थेट मत देतात. तरी दोन्हीकडची पद्धत प्रातिनिधिकच, कारण निवडून गेलेला माणूस पुढे आपल्या वतीने निर्णय घेतो. ग्रामसभेचं तसं नाही. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. घरकुल कुणाला मिळावं, रोजगार हमीचं कोणतं काम आधी व्हावं, यावर तिथे स्वतः उभं राहून बोलता येतं. प्रत्यक्ष लोकशाही ती हीच.

मग सगळंच ग्रामसभेत का ठरवू नये? नळदुरुस्ती, बिलं, टेंडरं यांसाठी गाव रोज जमू शकत नाही. प्रतिनिधी लागतोच. पण त्याला दिलेल्या एकाच मतात उमेदवार, पक्ष, जात, रस्ता, पाणी असं सगळं मिसळलेलं असतं. एखाद्या प्रश्नावर लोकांना नेमकं काय वाटतं, ते त्यातून वेगळं काढता येत नाही.

गोव्यात हे स्पष्ट दिसलं. डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं सरकार आलं. महाराष्ट्रात विलीन व्हावं, ही या पक्षाची भूमिका. म्हणजे गोवेकरांना विलीनीकरण हवं, असं म्हणायचं का? १६ जानेवारी १९६७ ला हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला गेला. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आणि त्याच मतदारांनी काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत पुन्हा बांदोडकरांनाच सत्ता दिली! यात विसंगती मुळीच नाही. दोन वेळा दोन वेगळे प्रश्न विचारले गेले होते.

मात्र प्रश्न कसा मांडायचा, हे लोकांच्या हाती नव्हतं. स्वतंत्र घटक राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ते राज्य १९८७ साली झालं.

मेहकरला तर असा प्रश्न कुणी विचारलाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला भालकी हैदराबाद राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेलं, ते संसदेने केलेल्या राज्य पुनर्रचना कायद्याने. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार संसदेचाच आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या सीमावादात भालकीही आहे. माझं मत स्पष्ट आहे: पिढ्यान्‌पिढ्यांची भाषा, शाळा आणि कचेरी ज्या निर्णयाने बदलते, तो घेण्याआधी त्या गावांचं मत पेटीतून घ्यायला हवं होतं. मग कौल कुठल्याही बाजूने लागो.